नसलेल्या धक्क्यावरचे गुन्हे

"पाणी कुठाय?" मोजणीसाहेबांनी विचारलं.

ते धक्क्याच्या टोकाला उभे होते. एका हातात मोजायची फीत, दुसऱ्या हातात फाईल, आणि समोर नजर जाईल तिथवर चिखल. त्या चिखलात गावातल्या एक्केचाळीस होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या, जेवणानंतर माणसं पडतात तशा.

"येईल ना साहेब," मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले. "चारच्या सुमाराला येतं."

"रोज चारला?"

"आज चारला. उद्या पावणेपाच. परवा साडेपाच."

"म्हणजे वेळ नक्की नाही."

"वेळ नक्की आहे साहेब. तुमच्या घड्याळात बसत नाही, एवढंच."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. दुपारचे बारा वाजले होते आणि दोन वाजता त्यांना दुसऱ्या गावात एक पूल मोजायचा होता. "हे बघा," ते म्हणाले, "माझा एक नियम आहे. मी ऐकीव लिहीत नाही. दिसतं तेच लिहितो." आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर ठिकाणी पाणी आढळून आले नाही.'

सोसायटीची चिटणीस बाजूलाच उभी होती. ती अध्यक्षांची सून. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी, आणि मुलीच्या तोंडात अर्जाची झेरॉक्स. सुनेला चिटणीसपद मिळालं त्यात निवडणूक वगैरे काही नव्हती. आधीचे चिटणीस डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने तिच्याकडे बोट दाखवलं. "तू काय, घरीच तर असतेस!" बाळाला पाजणं, निजवणं, दुपटी धुणं, चार माणसांचा स्वयंपाक आणि सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, या सगळ्याला गावात 'घरीच असणं' म्हणत. त्यामुळे मत्स्यबंदर विकास निधीचा सव्वीस पानी अर्ज तिने बाळाच्या झोपेच्या तुकड्या-तुकड्यांत भरला होता. पान सात ते अकरा दात येत असताना, पान वीस सर्दीत.

हा निधी सोसायटीला कशाला हवा होता, ते अर्जात फार लांबलचक लिहिलं होतं. खरी गोष्ट एका ओळीची होती. धक्क्याच्या पायऱ्या. एकूण सात, त्यातली तिसरी जवळजवळ नव्हतीच, पाचवी होती पण हलायची. होडी लागली की बायका डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्याच पायऱ्यांनी वर यायच्या. मागच्या वर्षी सासूबाई पाटीसकट घसरल्या, मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. प्लास्टर काढलं त्याच दिवशी त्या परत पाटी घेऊन निघाल्या. सून म्हणाली, "आई, आता नका ना जाऊ." त्या म्हणाल्या, "तू पायऱ्या करून घे, मी जपून चढेन. तोवर अशीच चढणार." सुनेने तेव्हा बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनातल्या मनात शब्द दिला. आता निधीच्या अर्जाची शेवटची तारीख अडीच महिन्यांवर होती, आणि अर्जाला स्थळपाहणीचा अहवाल जोडल्याशिवाय तो पुढे सरकणार नव्हता.

पहिला अहवाल तर असा चिखलात रुतला. मग सुनेने भरती-ओहोटीचं कोष्टक समोर घेतलं, बोटांवर हिशेब केला, आणि साहेबांना नम्र पत्र पाठवलं की पुढच्या आठवड्यात बरोबर दुपारी बारा वाजता पाणीच पाणी असेल.

होतंच. अमावस्येचं उधाण होतं. साहेब आले तेव्हा समोर समुद्र नुसता हसत होता. होड्या खांबांना बांधून झुलत होत्या. साहेबांनी फीत काढली आणि विचारलं, "धक्का कुठाय?"

"तुम्ही बघताय तिथेच," अध्यक्ष म्हणाले. "पाण्याखाली. वीतभरच आहे वर पाणी. उधाणाचे दोनतीन दिवस बुडतो तो. म्हणून तर उंच करायचाय ना साहेब, अर्जात लिहिलंय, पान नऊ."

"मला दिसत नाही."

"पँट दुमडा, उभं राहून दाखवतो."

"अध्यक्ष, मी शासनाचा माणूस आहे. पायाने चाचपून अहवाल लिहीत नाही." आणि त्यांनी लिहिलं, 'पाणी मुबलक. धक्का आढळून आला नाही.'

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या मासळी निवडत होत्या. सुरी थांबवून म्हणाल्या, "माझं मनगट मग कशावर मोडलं? ढगावर?"

तिसऱ्या वेळी सुनेने कसलीही कसर ठेवली नाही. पाणी अर्ध्यावर असलं की धक्काही दिसतो आणि होड्याही तरंगतात, अशी दोनअडीच तासांची वेळ असते. तिने दिवस निवडला, साहेबांना साडेअकराची वेळ दिली, आणि घरोघर जाऊन बजावलं. "आज साहेब मोजून जाईपर्यंत एकही होडी सुटणार नाही." आता इथल्या माणसांची रीत अशी की पाण्याने होडी उचलली की दोर सोडायचा. पोटातून सवय. पाणी चढतंय आणि आपण धक्क्यावर हात बांधून बसलोय, हे त्यांना लग्नाच्या पंगतीत उपाशी बसण्यासारखं वाटतं. तरी बसले बिचारे. साडेअकरा झाले. बारा. साडेबारा. साहेबांची गाडी कुठे पंक्चर झाली होती आणि फोन लागत नव्हता.

एक वाजता सुनेच्या नवऱ्याचा फोन वाजला. समोरच्या खडकापलीकडे मासळी वर आली होती, पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसत होतं म्हणे.

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने नवऱ्याकडे. "अहो, नाही हं," ती म्हणाली.

"अगं, पण मासळी..."

"साहेब येतायत."

"साहेब परत येतील. ती नाही येत."

बोलता बोलता पहिला दोर सुटला होता. कोणाचा, ते आजवर कोणी कबूल केलेलं नाही. पण एक सुटला म्हटल्यावर चाळीस सुटले, आणि दहा मिनिटांत धक्का ओस पडला. अडीचला साहेब आले तेव्हा पाणी होतं, धक्का होता, आणि बुडाला भोक असलेली एक होडी होती, तिच्यात कुत्रं झोपलेलं. साहेबांनी कुत्र्याकडे बराच वेळ बघितलं आणि लिहिलं, 'वापरात असलेल्या होड्या आढळून आल्या नाहीत.'

पंधरा दिवसांनी कार्यालयातून पत्र आलं. सदर ठिकाणी अनुक्रमे पाणी, धक्का व होड्या आढळून न आल्याने मत्स्यबंदराचा विकास करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सुनेने पत्र तीनदा वाचलं. मग ते घडी करून फडताळात ठेवलं आणि बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. बाळाने तिचं नाक धरून ओढलं. एरवी ती हसली असती. "पायऱ्या नाही गं जमल्या तुझ्या आईला," ती बाळाच्या कानात म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या पाटी उचलून धक्क्याकडे गेल्या.

आणि नेमकं चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. कार्यालय तेच, टेबल वेगळं. हे टेबल धक्क्यांवरच्या शिस्तीचं होतं. गावाचं नाव त्यांच्या यादीत वर्षानुवर्षं होतं आणि शेजारच्या टेबलाने हे बंदरच रद्द करून टाकल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की, 'आपल्या धक्क्यावर जाळी वाळत घालणे, मासळी निवडणे, दुचाकी उभ्या करणे व होड्या आडव्या लावणे हे प्रकार तात्काळ बंद करावेत.'

सून बाळाला पाजत होती. वाचता वाचता ती एवढ्या मोठ्याने हसली की बाळ दचकून दूध सोडून तिच्याकडे बघायला लागलं.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "झालं काय?"

"आई, धक्का सापडला!"

बाळ खांद्यावर झोपल्यावर तिने एका हाताने उत्तर लिहिलं. 'महोदय, आपल्याच कार्यालयाच्या तीन अहवालांनुसार येथे पाणी, धक्का व होड्या नाहीत. तरी नसलेल्या धक्क्यावरची जाळी कशी काढावी आणि नसलेल्या होड्या उभ्या कशा लावाव्यात, याबाबत मार्गदर्शन व्हावे. मार्गदर्शन मिळेपर्यंत आम्ही आहे ते चालू ठेवत आहोत.'

अध्यक्षांनी ते वाचून चष्मा काढला. "सूनबाई, सरकारशी असं बोलतात होय?"

"खोटं काय आहे त्यात, बाबा?"

"खोटं नाही, तीच तर भीती आहे."

"सही करा," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण उद्या काही झालं तर..."

"तुम्ही अध्यक्ष आहात की पाहुणे? करा सही."

अध्यक्षांनी सही केली. ती नेहमीपेक्षा थोडी बारीक आली.

दुसऱ्या दिवसापासून गावाने जे आरंभलं त्याला तोड नव्हती. असतील नसतील तेवढी जाळी धक्क्यावर आली. ज्यांच्याकडे जाळी नव्हती त्यांनी चादरी आणल्या. मासळी तर एरवीही तिथेच निवडत, आता भाजीही निवडायला लागले. चहावाल्याने टपरी उचलून टोकाला नेली. न्हावी खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, "नसलेल्या जागेत दाढी करायला परवाना लागत नाही ना?" मोटारसायकली अशा दाटीने लागल्या की एकाला आपली काढायची तर सहा जणांना हाक मारायला लागे. सुनेने बाळाला मासळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये मऊ गोधडी घालून बसवलं आणि सोसायटीचं टेबलही धक्क्यावर आणून मांडलं. वाऱ्याने कागद उडायचे, तर बाळ त्यांवर बसून राहायचं. बाळाची कागदांवरची पकड आता चांगली बसली होती.

कार्यालयाने ताकीद दिली. सुनेने परत तेच उत्तर पाठवलं, फक्त 'मार्गदर्शन व्हावे' खाली दोन रेघा मारून. मग तिसरं पत्र आलंच नाही. मोजणीसाहेबच आले, या वेळी शिस्तीच्या टेबलाकडून. पत्र नाही, फोन नाही, सकाळी आठला अचानक. गुन्हा रंगेहाथ पकडायचा तर कळवून कसं चालेल?

सकाळी आठला पाणी अर्ध्यावर होतं. धक्का लख्ख दिसत होता. पहाटेच्या फेरीहून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस होड्या नुकत्याच परतल्या होत्या आणि झाडून सगळ्या आडव्या लागल्या होत्या. भोकवालीसुद्धा, डागडुजी होऊन. जाळी, चादरी, भाजी, अर्धी दाढी झालेले दोन गृहस्थ. साहेब जाळ्यांतून पाय उचलत उचलत पुढे आले. चेहरा लाल झाला होता.

"एकही सोडणार नाही!" ते ओरडले. "सगळं लिहिणार! होड्या किती आडव्या आहेत ते मोजूनच..." आणि फीत घेऊन ते तरातरा पायऱ्या उतरायला लागले.

"साहेब, तिसरी..." सून ओरडली.

पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि मग साहेब कमरेएवढ्या पाण्यात. फाईल त्यांनी मात्र डोक्यावर धरून ठेवली होती, तिला थेंब लागला नाही.

खाली सासूबाई होडीतून पाटी उतरवत होत्या. त्यांनी साहेबांच्या दंडाला धरलं आणि एका हिसक्यात वर घेतलं. "सावकाश हो," त्या म्हणाल्या. "तिसरी नाहीच्चे. चौथीवर सरळ टांग टाकायची. पाचवी हलेल, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

साहेबांना सोसायटीच्या टेबलाशी आणून बसवलं. कोणीतरी टॉवेल दिला, चहावाल्याने चहा दिला, न्हाव्याने सवयीने मान पुसून दिली. गुडघा खरचटला होता. सासूबाई त्याला हळद लावायला वाकल्या तेव्हा साहेब कळवळून म्हणाले, "आजी, मला फसवू नका. मी पंचनामा करणार म्हणजे करणार."

"करा की. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

साहेबांनी कोरा कागद काढला, पेन झाडलं. "गुन्हा कबूल आहे?"

"एक मिनिट साहेब," सून म्हणाली. "आधी गुन्हा कुठे घडला ते लिहा ना."

"कुठे म्हणजे? धक्क्यावर!"

"लिहा."

साहेबांचं पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी वर बघितलं. सून शांतपणे बाळाच्या तोंडातून एक जुनं पत्र काढत होती.

"नाहीतर लिहू नका," ती म्हणाली. "मग गुन्हाही नाही. पण तुम्ही दिसतं तेच लिहिता असं ऐकलंय."

साहेबांनी ओल्या बुटांकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. खोटं लिहिणं त्यांना येतच नव्हतं, तोच त्यांचा सगळा त्रास होता. शेवटी त्यांनी उठून फीत लावली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'स्थळ: धक्का. लांबी बासष्ट मीटर. पाणी: कमरेइतके, प्रत्यक्ष अनुभवले.'

"होड्या आडव्या कोणाकोणाच्या?" त्यांनी विचारलं.

आजवर त्यांनी जिथे जिथे असा प्रश्न विचारला होता तिथे माणसं पांगत असत. इथे रांग लागली.

"माझी लिहा साहेब, आडवी आहे."

"माझी तर सगळ्यात आडवी आहे. त्याच्या आधी माझं नाव!"

"ए, रांगेत ये. गुन्हा मी आधी केलाय."

"साहेब, माझी जरा तिरकी आहे, चालेल का?"

"ही एक राहिली, डागडुजी केलेली. कुत्र्याचं नाव लिहू नका, होडी माझी आहे."

एक्केचाळीस होड्या, मालकांच्या नावानिशी आणि नोंदणी क्रमांकासकट, पंचनाम्यावर चढल्या. सुनेने भरती-ओहोटीची कोष्टकं घेऊन तीन वेळा जे जुळवून आणता आलं नव्हतं, ते साहेबांच्या रागाने तासाभरात केलं होतं. तिने एक नजर टाकली. पाणी होतं, धक्का होता, होड्या होत्या. फक्त पायऱ्या नव्हत्या. आता त्या साहेबांकडून कशा वदवायच्या, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात सासूबाई रांग मोडून पुढे आल्या.

"माझाही गुन्हा लिहा."

"तुमची होडी कुठली, आजी?"

"होडी नाही. मोठा गुन्हा आहे. सरकारी मालमत्तेचं नुकसान."

साहेबांनी मान वर केली.

"मागल्या वर्षी मी तिसऱ्या पायरीवर पडले. मी पडले आणि होती तेवढी पायरीही तुटून पाण्यात गेली. मी मोडली ती. लिहा."

"आई!" सून म्हणाली. "तुमचं मनगट..."

"मनगट माझं होतं, त्याचं मी बघितलं. पायरी सरकारची होती ना?" त्या साहेबांकडे वळल्या. "की नव्हती? नसेल तर सांगा, मी आपली घरी जाते."

साहेबांनी पायरीच्या जागी दिसणाऱ्या पाण्याकडे बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्याकडे. आणि या वेळी कोणी न सांगता लिहिलं, 'पायऱ्या सात. तिसरी अस्तित्वात नाही. पाचवी हलते. अत्यंत धोकादायक.' 'अत्यंत' खाली त्यांनी रेघ मारली.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे वरिष्ठ होते, आणि त्यांचा आवाज पाचव्या होडीपर्यंत ऐकू येत होता. तीन अहवालांत बंदर नाही आणि आता तिथेच पंचनामा कसा करताय, असं ते विचारत होते. साहेब उठून उभे राहिले. टॉवेल खांद्यावरून गळून पडला.

"अहो सर, आहे म्हणतोय ना बंदर!" ते ओरडले. "ऐकीव नाही सांगत. मी स्वतः पडलोय त्यात!"

कार्यालयात पुढचे तीन आठवडे काय झालं, ते गावाला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दोन्ही टेबलांचं भांडण झालं. बंदर नाही म्हणावं, तर एक्केचाळीस जणांवरची कारवाई बुडते. आहे म्हणावं, तर अर्ज फेटाळता येत नाही. मोजणीसाहेब स्वतःच्याच तीन अहवालांविरुद्ध उभे राहिले आणि प्रत्येक बैठकीत पँट गुडघ्यापर्यंत वर करून दाखवायला लागले, असंही कोणी म्हणालं. त्यांचा चौथा अहवाल शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी अर्जाला जोडला गेला.

मग एक जाड पाकीट आलं. सून धक्क्यावरच्या टेबलाशी बसून ते फोडत होती आणि भोवती सगळे जमले होते. बाळ क्रेटच्या काठाला धरून आयुष्यात पहिल्यांदा उभं राहिलं होतं, पण ते फक्त आईनेच बघितलं. एक क्षण तिने पाकीट बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी बाळाला सावरलं, आणि मग वाचलं. निधी मंजूर. पहिल्या टप्प्यात सात पायऱ्या, कठडा, धक्क्याची उंची, गाळ काढणे. सगळे एकदम ओरडले. अध्यक्षांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ नुसताच हातात धरला.

पाकिटात आणखी एक कागद होता, शिस्तीच्या टेबलाकडून, सासूबाईंच्या नावाने. सुनेने तो मोठ्याने वाचला. 'आपण शासकीय पायरीवर पडून तिचे नुकसान केल्याचे सिद्ध झाले आहे. आपणांस समज देण्यात येते की असा प्रकार पुन्हा घडल्यास कडक कारवाई करण्यात येईल.'

सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि सुनेसमोर येऊन बसल्या.

"उत्तर लिही."

"काय लिहू?"

"लिही, नोटीस मिळाली. पायऱ्या बांधून झाल्या की कळवावे. चढून बघते, आणि मग पडायचं की नाही ते ठरवते."